टॅक्स लागत नाही, तरी १० टक्के कापले जातात. मग ‘फुकट’ रिटर्नचा फायदा नक्की कुणाला?

डिसेंबर उजाडला की माझ्या व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "अगं, माझा रिटर्न राहिलाय. आता भरता येतो का? आणि माझं उत्पन्न टॅक्समध्ये बसतच नाही, मग भरायचा कशाला?"

यंदा हा प्रश्न माझ्या एका मैत्रिणीने विचारला. ती एका तालुक्याच्या गावी सिनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या आर्थिक वर्षात तिची कमाई झाली साधारण २ लाख ६० हजार रुपये. हातात आले २ लाख ३४ हजार. मधले २६ हजार कुठे गेले, तर टीडीएसमध्ये. कॉलेजने दर बिलातून १० टक्के कापले आणि सरकारकडे भरले.

आता गंमत बघा. त्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, नव्या करप्रणालीत ३ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर टॅक्सच नव्हता. सवलत धरली तर ७ लाखांपर्यंत काही भरायचं नव्हतं. म्हणजे तिला टॅक्स शून्य. कापले २६ हजार. तिच्यासाठी ही सव्वा महिन्याची कमाई आहे. हे पैसे तिचेच आहेत, सरकारलाही ते मान्य आहे. फक्त ते परत हवे असतील तर तिने रिटर्न भरून मागायचे. नाही मागितले, तर सरकार आपणहून देणार नाही.

रिटर्न भरायची मूळ मुदत ३१ जुलै होती, ती वाढून १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी १६ सप्टेंबरला संपली. उशिरा भरायची खिडकी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उघडी होती. 

रिटर्न भरणं फुकट आहे ना? मग अडतंय कुठे?

फुकट आहे, आणि याचं श्रेय द्यायला हवं. इन्कम टॅक्स विभागाच्या पोर्टलवर रिटर्न भरायला एक रुपया लागत नाही. एका कंपनीत पगारावर असाल, बँकेत थोडंफार व्याज येत असेल, तर आयटीआर-१ म्हणजे ‘सहज’ फॉर्म बराचसा आधीच भरून येतो. पगार, टीडीएस, व्याज, सगळं समोर. तपासायचं, आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय करायचं, संपलं. चहा गार व्हायच्या आत होतं.

अमेरिकेत एवढी साधी गोष्ट अजून जमलेली नाही. तिथे २००२ साली सरकारने सॉफ्टवेअर कंपन्यांशी करार केला: कमी उत्पन्नवाल्यांना तुम्ही मोफत सेवा द्या, आम्ही स्वतःचं सॉफ्टवेअर काढत नाही. पुढे ‘टर्बोटॅक्स’ बनवणाऱ्या इन्ट्युइट कंपनीवर ‘फ्री, फ्री’ अशी जाहिरात करून लोकांकडून पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि २०२२ मध्ये तिने सगळ्या ५० राज्यांशी १४.१ कोटी डॉलर्सची तडजोड केली. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने ‘डायरेक्ट फाइल’ नावाची स्वतःची मोफत सेवा १२ राज्यांत सुरू केली, पुढच्या वर्षी ती २५ राज्यांत गेली, आणि आता २०२६ च्या हंगामात ती मिळणारच नाही असं राज्यांना कळवण्यात आलंय. म्हणजे जी लढाई तिथले लोक हरलेत, ती आपण केव्हाच जिंकलोय.

मग माझ्या मैत्रिणीने शेजारच्या ई-सेवा केंद्रात दीड हजार रुपये का मोजले असते? तिला तेवढे सांगितले होते. माझ्या ओळखीत कुणी ५०० दिलेत, कुणी २,००० दिलेत. पोर्टल फुकट असूनही लोक पैसे मोजतात, कारण चहा गार व्हायच्या आत भरता येतो तो फॉर्म त्यांच्यासाठी नाहीच.

सगळा घोळ ‘तुम्हाला काय म्हणतात’ यावर

टीडीएसच्या कायद्यात तुम्ही काय काम करता, यापेक्षा पैसे देणारा तुम्हाला कुठल्या नावाने पैसे देतो याला जास्त किंमत आहे.

पगार म्हणून दिले, तर कलम १९२ लागतं. त्यात मालकाने तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज काढायचा आणि टॅक्स बसत असेल तरच कापायचा. माझ्या मैत्रिणीला पगारदार म्हणून दाखवलं असतं, तर एक रुपयाही कापला गेला नसता.

कंत्राटदार म्हणून दिले, तर १९४ सी. इथे व्यक्तीसाठी १ टक्का. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचे पैसे बहुतेकदा यात येतात. महिन्याला २० हजार कमावणाऱ्याचे वर्षाला २,४०० रुपये कापले जातात.

आणि ‘व्यावसायिक सेवा’ म्हणून दिले, तर १९४ जे. इथे सरळ १० टक्के. एका वर्षात ५० हजारांच्या पुढे रक्कम गेली की कापायचं (ही मर्यादा एप्रिल २०२५ पूर्वी ३० हजार होती). समोरच्याचं वर्षाचं उत्पन्न २ लाख आहे की २० लाख, हा प्रश्न इथे विचारलाच जात नाही.

‘व्यावसायिक’ हा शब्द कायद्यात आला तेव्हा डोळ्यासमोर होते वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, सीए. केबिनमध्ये बसून फी घेणारी माणसं. आज त्याच कलमाखाली हॉस्पिटलमधली कंत्राटी मुलं, एनजीओतले फील्ड वर्कर, तासिकेवरचे प्राध्यापक आणि ‘रिटेनर’वर घेतलेले माझ्यासारखे पत्रकार सर्रास दिसतात. सकाळी वेळेवर यायचं, साहेब सांगेल ते करायचं, सुट्टी विचारून घ्यायची, आणि कागदावर मात्र स्वतंत्र व्यावसायिक.

मालक असं का करतात? एक कारण सगळ्यांना माहीत आहे. कर्मचारी म्हटलं की पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी आली. दुसरं कारण कमी बोललं जातं, पण तेवढंच महत्त्वाचं आहे. टीडीएस कमी कापला तर कापणारा अडकतो. त्याला व्याज भरावं लागतं आणि धंद्याच्या हिशोबात त्या खर्चाचा ३० टक्के भाग अमान्य होऊ शकतो. टीडीएस जास्त कापला तर त्याचं काहीच बिघडत नाही, कारण पैसा त्याचा नसतो. मग अकाउंटंट काय करणार? शंका आली की १० टक्के कापून मोकळा. तुम्ही त्याच्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं, खरं सांगा.

२१ नोव्हेंबरला चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. त्यामुळे पुढे कुणाला कर्मचारी म्हणायचं यावर भांडायला हातात कागद तरी येईल. पण टीडीएसचा टक्का नियुक्तीपत्र बघून आपोआप बदलत नाही.

आता फॉर्म भरायला बसा

मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर घेऊन आम्ही दोघी पोर्टल उघडून बसलो. वाटलं होतं अर्धा तास लागेल.

पहिला अडथळा: कॉलेजने तिला ‘फॉर्म १६’ दिलेला नव्हता, ‘१६ ए’ दिला होता. या एका ‘ए’ने सगळं बदलतं. १६ म्हणजे पगार, १६ ए म्हणजे पगार सोडून बाकीचं. त्यामुळे ‘सहज’ फॉर्म बाद. तो धंदा-व्यवसायाच्या उत्पन्नाला चालत नाही. यंदापासून टीडीएस कुठल्या कलमाखाली कापला हेही रिटर्नमध्ये लिहायचं आहे. म्हणजे १९४ जे लिहायचं आणि उत्पन्न पगारात दाखवायचं, असं केलं तर विसंगती लगेच दिसणार. मग ‘रिटर्न सदोष आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा’ अशी नोटीस येऊ शकते. अशी नोटीस आली की आपल्याकडे घरातल्यांचे चेहरे काय होतात, ते वेगळं सांगायला नको.

मग पुढचा फॉर्म, आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’. छोट्या व्यावसायिकांसाठी चांगली सोय आहे. कलम ४४ एडीएखाली मिळकतीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, हिशोबाच्या वह्या ठेवायची गरज नाही. पण ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. कायदा, वैद्यकीय, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, इंटिरिअर डेकोरेशन, आणि सरकारने नंतर जाहीर केलेले सिनेकलाकार, आयटी, कंपनी सेक्रेटरी वगैरे. या यादीत शिक्षक नाही. पत्रकारही नाही.

इथे मी जरा थांबले. कारण १९४ जे मध्ये ‘व्यावसायिक सेवा’ कशाला म्हणायचं याची जी यादी आहे, तीही बरीचशी याच व्यवसायांची आहे. २००८ मध्ये तिच्यात खेळाच्या क्षेत्रातले लोक जोडले गेले: खेळाडू, पंच, प्रशिक्षक, समालोचक. हो, क्रीडा स्तंभलेखकसुद्धा! पण कॉलेजात शिकवणारी बाई त्यात नाही. म्हणजे कापताना तिला व्यावसायिक धरलं आणि १० टक्के घेतले. सोपा फॉर्म मागायला गेली तर म्हणे, तू व्यावसायिकांच्या यादीत नाहीस.

मग तिने भरायचं काय? आम्ही ओळखीतल्या तीन सीएंना विचारलं. एक म्हणाले, आयटीआर-४ मध्ये ४४ एडीखाली धंदा म्हणून दाखवा. दुसरे म्हणाले, आयटीआर-३ भरणंच सुरक्षित. तिसरे म्हणाले, "कॉलेजलाच पगार म्हणून टीडीएस रिटर्न दुरुस्त करायला सांगा." तिसरं उत्तर सगळ्यात बरोबर वाटतं आणि सगळ्यात अशक्यही. पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही हे ज्यांच्या हातात आहे, त्यांना तासिकेवरची बाई टीडीएस दुरुस्त करायला सांगणार?

आयटीआर-३ उघडून बघा एकदा. बॅलन्स शीट, नफा-तोटा पत्रक, घसारा. २ लाख ६० हजार कमावणाऱ्या बाईचा घसारा! खडू आणि छत्रीशिवाय तिच्याकडे झिजण्यासारखं आहे काय?

एफडीवाल्या काकूंना सोय, राबणाऱ्याला नाही

बँकेत एफडी असलेल्या काकूंचं व्याज मर्यादेच्या पुढे गेलं की बँक टीडीएस कापते. पण काकूंचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर त्या बँकेत जाऊन १५ जी नावाचा फॉर्म भरतात. साठीच्या पुढे असतील तर १५ एच. त्यात त्या स्वतः लिहून देतात की माझ्यावर टॅक्स बसत नाही, कापू नका. बँक कापत नाही. विषय संपला. रिफंड नको, सीए नको.

हीच सोय कंत्राटावर काम करणाऱ्याला आहे का? नाही. १५ जी व्याज, लाभांश, भाडं, विमा कमिशन अशा काही उत्पन्नांना चालतो. १९४ सी आणि १९४ जे त्या यादीत नाहीत. म्हणजे घरी बसून व्याज मिळवणाऱ्याच्या शब्दावर सरकार विश्वास ठेवतं, अंगमेहनतीचे किंवा तास घेऊन मिळवलेल्या पैशांबाबत ठेवत नाही.

पर्याय अगदीच नाही असं नाही. कलम १९७ आहे. ‘माझा टीडीएस कमी कापा’ असं प्रमाणपत्र मिळवता येतं. त्यासाठी फॉर्म १३ ऑनलाइन भरायचा, उत्पन्नाचे अंदाज द्यायचे, आधीचे रिटर्न दाखवायचे, मग अधिकाऱ्याचं समाधान झालं तर प्रमाणपत्र मिळणार. डिलिव्हरीवाला २,४०० रुपयांसाठी हे करेल? ही व्यवस्था मोठ्या रकमांसाठी आहे.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा इथेच आहे. पोर्टल आणखी चकचकीत करण्यापेक्षा १५ जी फॉर्म छोट्या कामगारांच्या मोबदल्यालाही लागू करा. खोटं लिहून देणाऱ्यावर कारवाईची तरतूद कायद्यात आजही आहेच. पॅन आणि आधार जोडलेले आहेत, कुणी दोन-चार ठिकाणी कमावून खोटा फॉर्म दिला तर विभागाला ते वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये दिसेल. काकूंवर ठेवलाय तेवढाच विश्वास ठेवा, एवढंच मागणं आहे.

कमी कमावणाऱ्यावरही रिटर्नची सक्ती?

एप्रिल २०२२ मध्ये एक नियम आला, १२ एबी. तुमचं उत्पन्न करपात्र नसलं, तरी वर्षभरात तुमचा टीडीएस आणि टीसीएस मिळून २५ हजार किंवा जास्त कापला गेला असेल, तर रिटर्न भरणं सक्तीचं. ज्येष्ठांसाठी ही रक्कम ५० हजार आहे.

नियमाचा हेतू समजण्यासारखा आहे. मोठे व्यवहार करून रिटर्न न भरणारे लोक पकडायचे होते. पण १० टक्क्यांचं गणित लावा. अडीच लाख कमावणारा माणूस आपोआप यात येतो. माझ्या मैत्रिणीचे २६ हजार कापले, म्हणून तिला रिटर्न भरणं सक्तीचं झालं. तिने मुदत चुकवली, म्हणून आता तिला १,००० रुपये लेट फी लागू शकते. टॅक्स शून्य असलेल्या बाईला, तिचेच पैसे उशिरा मागितल्याबद्दल.

(टीडीएस २५ हजारांच्या आत असेल, एकूण उत्पन्न मूळ सूट मर्यादेत असेल आणि सक्तीची इतर कुठली अट लागत नसेल, तर ३१ डिसेंबरपर्यंत लेट फी लागत नाही. बरेच लोक दंडाच्या भीतीने गप्प बसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

या गोंधळात कुणाची दुकानं चालतात?

फॉर्म अवघड आणि रिफंड हवाय, मग एजंट येतोच. पाचशे घेणारा परवडला. खरा धोका ‘रिफंडमधले अमुक टक्के द्या’ म्हणणाऱ्याचा. रिफंड जेवढा मोठा, तेवढं त्याचं कमिशन. मग तो तुमच्या नावावर न दिलेल्या देणग्या दाखवतो, नसलेलं घरभाडं दाखवतो, नसलेलं शैक्षणिक कर्ज दाखवतो.

१४ जुलै २०२५ ला इन्कम टॅक्स विभागाने देशभरात १५० ठिकाणी अशा खोट्या वजावटींविरोधात मोहीम राबवली. त्यात विभागाने एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवा. काही एजंट ढिगाने रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ईमेल आयडी बनवतात आणि नंतर सोडून देतात. नोटीस त्या मेलवर जाते. ती कुणी उघडतच नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते, असंही विभागाने सांगितलं.

खोटी माहिती देऊन टॅक्स चुकवला तर चुकवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि तो एजंटला नाही, तुम्हाला. तेव्हा रिटर्न कुणाकडूनही भरून घ्या, पण मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका.

सरकारने मदतनीस द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २००६ मध्ये ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ योजना आली. पदवीधर तरुणांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी लोकांचे रिटर्न भरून द्यायचे, फी जास्तीत जास्त २५० रुपये. कल्पना छान. पण त्यांचं सरकारी मानधन करदात्याने भरलेल्या टॅक्सच्या टक्केवारीत ठरवलेलं होतं. ज्याचा टॅक्स शून्य आणि रिफंड २,४००, त्याच्यामागे कोण धावणार?

मग सरकारने आपणहून पैसे परत करायला काय हरकत आहे?

हा प्रश्न ऐकून काही लोक हसतात. पण न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून हेच होतं. तिथलं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. त्यानंतर तिथला महसूल विभाग बहुतेक पगारदारांचा हिशोब स्वतः करतो आणि जास्त कापलेले पैसे थेट खात्यात टाकतो. काही चुकलं असेल तर तुम्ही सांगायचं.

आपल्याकडे विभागाला काय माहीत नाही? माझ्या मैत्रिणीचा पॅन आहे, पॅनला आधार जोडलंय, कॉलेजने किती दिले आणि किती कापले हे दर तिमाहीला कळवलंय, बँकेने व्याज कळवलंय. पोर्टलवर एआयएस उघडलं की हे सगळं एका पानावर दिसतं. यातून बेरीज तीन लाखांच्या आत येते हे संगणकाला कळत नाही असं कोण म्हणेल?

याला एक खरा आक्षेप आहे. एआयएसमध्ये न दिसणारं उत्पन्न असू शकतं. रोखीने घेतलेल्या शिकवण्या, गावाकडचं भाडं. बरोबर आहे. पण तोच माणूस आज स्वतः रिटर्न भरतो तेव्हा तरी रोखीचं कुठे सांगतो? उलट विभागाने ‘आमच्याकडे एवढी माहिती आहे, रिफंड एवढा निघतो, अजून काही उत्पन्न आहे का, हो की नाही’ असा एसएमएस पाठवला, तर नाही म्हणणाऱ्याची जबाबदारी स्पष्ट होते. हे सगळ्यांसाठी करायची गरज नाही. एआयएसमधली बेरीज सूट मर्यादेच्या आत आणि टीडीएस कापलेला, एवढ्याच लोकांसाठी केलं तरी पुष्कळ.

आणि असे लोक थोडे नाहीत. २०२२-२३ च्या आकडेवारीत, सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, ७.४० कोटी रिटर्नपैकी ५.१६ कोटी लोकांचा टॅक्स शून्य होता. दहातले जवळपास सात. यातले सगळे रिफंडवाले नाहीत, कुणी कर्जासाठी भरतं, कुणी व्हिसासाठी. पण एवढं मोठं यंत्र दर दहातल्या सात वेळा ‘काही देणं नाही’ हेच उत्तर काढायला फिरतंय.

नव्या कायद्यात काय झालं, आणि काय होता होता राहिलं

१ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा, २०२५ लागू. १९६१ च्या कायद्यातली ८१९ कलमं आता ५३६ झालीत. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ हा डोकं खाणारा प्रकार जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलंय. टीडीएसची विखुरलेली कलमं तक्त्यांमध्ये एकत्र आलीत. १९४ जे हा नंबर गेला, १० टक्के राहिले.

पण फेब्रुवारीत विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं, तेव्हा त्यात एक ओळ होती जी आपल्यातल्या बऱ्याच जणांना महागात पडली असती. रिफंड हवा असेल तर रिटर्न मूळ मुदतीतच भरला पाहिजे. म्हणजे उशिरा भरला की रिफंड गेला. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या निवड समितीने ती ओळ काढायची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये सुधारित विधेयक आलं तेव्हा ती निघाली होती. २१ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली.

या ओळीवर सोशल मीडियावर फार काही गाजलं नाही. १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, याचे मीम्स मात्र अजून फिरतायत. २०२५-२६ साठी ते खरंच आहे, पण त्याचा अर्थ १२ लाखांपर्यंत टीडीएस कापणार नाहीत असा नाही. उलट टॅक्स शून्य असलेल्यांची संख्या वाढणार, १० टक्के कापणं तसंच राहणार, म्हणजे स्वतःचे पैसे मागायला रांगेत उभे राहणारे वाढणार.

३१ डिसेंबरपर्यंत काय करता येईल?

पोर्टलवर लॉगिन करून आधी एआयएस आणि २६ एएस बघा. तुमच्या नावावर कुणी किती कापलंय आणि कुठल्या कलमाखाली, हे तिथे कळेल. कापलेत पण दिसत नाहीत, तर कापणाऱ्याने भरले नाहीत किंवा पॅन चुकवला. त्याला लगेच विचारा. पॅन-आधार जोडणी आणि बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं असणं, या दोन गोष्टींशिवाय रिफंड येत नाही. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरल्यासारखाच नाही. उशिरा भरणाऱ्यांना जुनी करप्रणाली निवडता येत नाही, पण उत्पन्न ७ लाखांच्या आत असेल तर सहसा तिची गरजही नाही.

३१ डिसेंबर चुकला तर? ‘अपडेटेड रिटर्न’ नावाची सोय आहे आणि आता ती चार वर्षांपर्यंत वापरता येते. पण ती जास्त टॅक्स भरण्यासाठी आहे, रिफंड मागण्यासाठी नाही. एकच दार उरतं: विलंब माफीचा अर्ज. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. ‘खरोखरची अडचण’ होती हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं आणि रिफंड मिळाला तरी त्यावर व्याज मिळत नाही.

हे मला एवढं पाठ कसं, तर माझी पहिली नोकरी. २०२१-२२, महिना १८ हजार, हातात १६,२००. मला वाटायचं पीएफ कापतात. ऑफिसात कुणी सांगितलं नाही आणि विचारायची लाज वाटली. मास कम्युनिकेशनची पदवी घेतली होती, रोज दुसऱ्यांना बजेट समजावून सांगत होते. आपला पगार ‘व्यावसायिक फी’ आहे हे २०२३ च्या जूनमध्ये कळलं, तोवर मुदत जाऊन सहा महिने झाले होते. २१,६०० रुपये. गेल्या महिन्यात विलंब माफीचा अर्ज केलाय, अजून उत्तर यायचंय.

मैत्रिणीचा रिटर्न परवा रात्री गेला. शेवटी आयटीआर-३ च भरला, दुसऱ्या सीएंच्या मदतीने, ८०० रुपयांत.